राखाडी

सावईवेऱ्याच्या सुपारी संस्थेत, माडीवर,
एक संगणक, एक पंखा आणि मी.
वार्षिक सभेची नोटीस: मजकूर एकच,
सभासद चारशे बारा.
यादी उपेंद्रबाबांची. निवृत्त होण्याआधी
एक एक नाव त्यांनी स्वतः टंकलेलं,
त्यांच्या त्या जुन्या मराठी फॉन्टात.

मी पत्र मांडलं. दुहेरी बाणांत बसवलं
«नाव», «वाडा», «लाभांश».
मेल मर्ज म्हटलं, आणि समोर आलं ते
दुलबा गावडे नव्हे,
इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलर यांचा चिखल.
फॉन्ट येत नाही ना पाठोपाठ.
नाव येतं उघडंबोडकं,
कपडे तिकडे यादीतच, खुंटीला.

इथं नावांना सवय आहे म्हणा.
आमच्या पणजोबांचे शेणै दफ्तरात सिनाय झाले,
शेजारचे पै झाले पोय.
कारकुनाने कारकुनाच्या अक्षरात लिहिलं,
माणूस तोच सुपारी सोलत राहिला.

मग शिकले. आल्ट धरून एफ-नऊ दाबलं की
नावाच्या जागी महिरपी कंस उघडतो.
आतल्या आज्ञेच्या पहिल्या अक्षराला
जे रूप चढवाल, तेच अख्ख्या नावाला.
तेवढ्या एका अक्षरावर मी दुपार घालवली:
ठळक, चौदा पॉइंट.
साडेबाराशेचा लाभांश आला
१२४९.९९९९९९९९.
त्याला हॅश आणि स्वल्पविरामाचं वळण लावलं.
बारा एप्रिलची झाली होती चार डिसेंबर.
महिना मोठ्या एमने मागायचा;
धाकट्या एमने मिनिटं निघतात.

शुक्रवारी चारशे बारा नोटिसा पोस्टात.

सोमवारी आवेलिना फुर्तादो जिना चढून आली,
दम खात उभी राहिली.
"बाये, कायतान मातयेंत गेल्यार तीन वर्सां जालीं.
तूं ताका सभेक आपयता?"

यादी उघडली. कायतान फुर्तादो: राखाडी.
खाली आणखी एक राखाडी. आणखी.
गेलेल्यांची नावं उपेंद्रबाबांनी पुसली नव्हती,
फिकी केली होती.
रकाना नाही, शेरा नाही, फक्त रंग.
आणि रंग पत्रात उतरत नाही.
एकतीस माणसं माझ्या हातून
काळीभोर झाली होती,
ठळक, चौदा पॉइंट.

मी माफी मागितली. कागद परत मागितला.
तिनं नावावरून बोट फिरवलं.
"इतकें व्हडलें कोणेंच बरोवंक ना ताचें नांव."
घडी घालून पिशवीत ठेवला, मासळीच्या नव्हे,
दुसऱ्या.

सभेला ती आली. तिच्यासारख्या आणखी आल्या,
कुणाचा मुलगा, कुणाची सून, एक नातू हेल्मेटसकट.
दर वर्षी अर्धा तास तहकूब होणारी सभा
दहाच्या ठोक्याला भरली.
हजेरीवर सही कुणाची, हे कुणी विचारलं नाही.
चेअरमन माझं कौतुक करत होते,
मी बटाटवडे मोजत होते. कमी पडले.

आता रकाना केलाय: हयात.
'नाही' असेल तर नावापुढे 'यांचे वारस',
नियम घालून ठेवलाय, तो चुकत नाही.
एकतीस 'नाही' भरून झाले.

अनुक्रमांक दोनशे अकरा: उपेंद्र सावईकर.
सभेच्या दोन महिने आधी गेले.
त्यांना राखाडी करायला
त्यांच्यानंतर खुर्चीवर फक्त मी.
त्यांची नोटीस परत आली, पोस्टमनचा शेरा:
घर बंद.
पाकीट खणात आहे. पत्ता सुबक आलाय,
वेलांटीसुद्धा सरकलेली नाही.

रकान्यात कर्सर लुकलुकतोय.
भरेन. आधी
प्रिंटरची शाई आणायला फोंड्याला जायचंय,
चारची बस आहे.